हुज्जत नको, वाद हवा

"वाद नको, कामाचं बोला," हे वाक्य आपल्या बैठकांत जितक्या वेळा ऐकू येते, तितक्या वेळा कापसाच्या भावाचे नावही निघत नसेल. कोणी उभा राहून शंका काढली की मागून आवाज येतो, "खाली बस ना भाऊ!" पुढे बसलेले घड्याळाकडे बघतात, पुढच्या वक्त्याचे नाव पुकारले जाते आणि शंका काढणारा टोपी सावरत खाली बसतो. बैठक वेळेवर संपते. जाताना सगळे म्हणतात, सभा झकास झाली, एकमताने झाली.

या एकमताची किंमत काय पडते ते आम्ही एकदा मोजले आहे. ती गोष्ट आधी सांगतो, कारण चूक आमची होती.

तक्त्याची गोष्ट

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या बैठकीत आम्ही कोरडवाहू कापसाच्या उत्पादनखर्चाचा तक्ता मांडला. शेतकी कॉलेजात चार वर्षे काढून पदवी घेतलेली, त्यामुळे तक्ते मांडण्याचा आमचा हात बसलेला. नांगरट, वखराच्या पाळ्या, बियाणे, खत, डवरणी, निंदण, फवारणी, वेचणी, गाडीभाडे अशा रकमा एकाखाली एक लिहिल्या, बेरीज केली, एकरी उत्पन्नाने भागले आणि क्विंटलचा खर्च काढला. आकडा दणदणीत होता. टाळ्या पडल्या.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतले एक म्हातारे शेतकरी उभे राहिले. म्हणाले, "सायेब, येचाई दोनदा लावली तुमी. एकदा किलोवर लावली, अन् पुन्हा बायांच्या रोजात बी धरली. असं कसं?"

आम्ही काही बोलायच्या आतच आमच्यातल्या एका तरुण कार्यकर्त्याने विचारले, "हे काका कोणाकडून बोलतात, आपल्याकडून की व्यापाऱ्याकडून?" हशा झाला. कोणीतरी घोषणा दिली. काका खाली बसले. आम्ही व्यासपीठावर होतो, हातात माईक होता, आणि आम्ही गप्प राहिलो. खरे सांगायचे तर बरे वाटले. भरल्या सभेत पदवीधराचा हिशेब एका म्हाताऱ्याने तपासावा हे मनाला रुचले नव्हते.

पंधरा दिवसांनी तोच तक्ता घेऊन आम्ही दहा-बाराजण एका अधिकाऱ्याकडे गेलो. त्यांनी पेन्सिल घेतली, रकमांवरून वरपासून खाली फिरवली आणि बरोबर त्याच ओळीवर थांबवली. "वेचणी दोन ठिकाणी दिसते." पुढचे एक पानही त्यांनी वाचले नाही. हिशेब नीट करून आणा म्हणाले आणि कागद परत केला. एकरी पाच क्विंटल कापूस आणि किलोला दहा रुपये वेचाई धरली तर पाच हजार रुपये होतात. ते दोनदा धरले म्हणजे क्विंटलमागे हजार रुपयांची खोट. ती एक खोट सापडली आणि बाकीच्या दहा खऱ्या रकमाही खोट्या ठरल्या. दहा-बाराजणांचे गाडीभाडे, एक दिवसाचा रोज आणि आपली पत, तिन्ही त्या दिवशी बुडाली.

महिन्याभराने आम्ही त्या काकांच्या घरी गेलो. तेव्हा कळले की त्यांच्याकडे मुद्दे दोन होते. पहिल्याने खर्च कमी होत होता, दुसऱ्याने वाढत होता. तक्त्यात आम्ही बैलजोडीचे फक्त कामाचे दिवस धरले होते. "बैल बाकीचे दिवस वारा खाऊन राह्यते का?" त्यांनी विचारले. जोडीचा बारा महिन्यांचा चारा, सरकीची ढेप, पाण्यावर नेण्या-आणण्याची मजुरी हे सगळे मांडून जेवढ्या एकरांवर ती जोडी राबते त्यांवर वाटले, तेव्हा वजा झालेल्या रकमेइतकी भर जवळपास पुन्हा पडली. म्हणजे काकांना बोलू दिले असते तर आमचा आकडा फारसा खाली आला नसता आणि त्यातली प्रत्येक ओळ पक्की असती. ज्याला आम्ही विरोधक समजलो तो त्या सभेतला सर्वांत कामाचा माणूस होता.

वाद, जल्प आणि वितंडा

आपल्या भाषेत "वाद" हा शब्द बदनाम झाला आहे. बांधाचा वाद, भाऊबंदकीचा वाद, कोर्टातला वाद. पण आपल्याच देशातल्या जुन्या तर्कशास्त्राने या शब्दाला मानाचे स्थान दिले होते. गौतमाच्या न्यायसूत्रांत बोलाचालीचे तीन प्रकार सांगितले आहेत. दोन्ही बाजूंनी पुरावा आणि कारणे देऊन, खरे काय ते शोधण्यासाठी बोलायचे तो वाद. काहीही करून जिंकायचे, शब्दांत पकडायचे, समोरच्याचे तोंड बंद करायचे तो जल्प. आणि स्वतःची कुठलीच बाजू मांडायची नाही, फक्त दुसऱ्याचे मोडायचे ती वितंडा. आपण आजही "वितंडवाद घालू नको" म्हणतो, तो शब्द तिथला आहे.

शब्दांत पकडणे म्हणजे काय, याचा जुन्या भाष्यातला दाखला मजेचा आहे. एकजण म्हणतो, या माणसाजवळ नव कंबल आहे, म्हणजे नवी घोंगडी आहे. दुसरा म्हणतो, नव कुठे, मला तर एकच दिसते! संस्कृतात "नव" म्हणजे नवा आणि "नव" म्हणजे नऊही. हसे झाले, बोलणारा गोंधळला, आणि घोंगडीचा मुद्दा बाजूला राहिला. हा प्रकार आपण रोज बघतो. भावाचा प्रश्न विचारावा तर उत्तर येते, "तुमच्या गावात दारू किती खपते ते आधी सांगा." पीकविम्याचे विचारावे तर, "लग्नात खर्च कोणी केला?" उत्तर कोणाकडेच नसते, पण विचारणारा खाली बसतो.

त्या काकांशी आम्ही जे केले तो जल्पसुद्धा नव्हता. जल्पात निदान काहीतरी उत्तर द्यावे लागते. आम्ही फक्त घोषणा दिली.

ही रीत केवळ पोथ्यांतली नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ साली "गुलामगिरी" लिहिली ती जोतीराव आणि धोंडीबा यांच्या संवादाच्या रूपात. धोंडीबा शंका काढतो, जोतीराव उत्तर देतात. शंका काढल्याशिवाय माणूस गुलामीतून बाहेर येत नाही हे त्यांना ठाऊक होते. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेले गाडगेबाबा शाळेत गेले नव्हते. पण त्यांचे कीर्तन म्हणजे समोर बसलेल्या माणसांना विचारलेल्या प्रश्नांची माळ असे. उत्तर लोकांच्याच तोंडून वदवून घ्यायचे आणि त्याच उत्तरावर पुढचा प्रश्न बांधायचे. म्हणून "वाद करणे हे शिकलेल्यांचे काम" असे कोणी म्हणाले तर ते आपण ऐकून घेऊ नये.

बोंडअळीने शिकवलेला धडा

न विचारलेल्या "का"ची किंमत आपल्या शेतात किती पडली ते बघा.

बीटी कापसाला देशात परवानगी मिळाली ती २००२ साली. दोन जनुकांचे वाण २००६ पासून आले. त्या पाकिटासोबत एक छोटे पाकीट येत असे, साध्या, बिगर बीटी सरकीचे. शेताच्या कडेने त्याच्या ओळी लावा असे सांगितले जाई. आपल्यापैकी किती जणांनी ते लावले? बहुतेकांनी फेकून दिले, कोणी गाईला घातले. दुकानदाराने सांगितले नाही आणि आपणही विचारले नाही की हे कशासाठी.

कारण साधे होते. बीटीच्या झाडावर जगलेली एखादी अळी म्हणजे विष पचवलेली अळी. तिचा जोडा तशाच दुसऱ्या अळीशी जमला तर पुढची पिढी विष पचवणारीच निघते. शेजारी साधा कापूस असला तर तिथे विषाची सवय नसलेले पतंग भरपूर तयार होतात, जोडे त्यांच्याशी जमतात आणि प्रतिकारशक्ती लवकर पसरत नाही. म्हणजे ते छोटे पाकीट हा मोठ्या पाकिटाचा विमा होता. हे कारण कळले असते तर दोन-चार ओळी सोडायला कोरडवाहू शेतकरी इतका कद्रू नाही.

गुजरातच्या काही जिल्ह्यांत गुलाबी बोंडअळी पहिल्या पिढीच्या बीटीला दाद देत नसल्याचे २०१० साली उघड झाले. आपल्याकडे ती २०१७ च्या हंगामात बोंडाबोंडांत निघाली. मधली सात वर्षे आपण काय करत होतो? वाद करत होतो, पण कोणता? एक बाजू म्हणत होती, बीटीने शेतकरी तारला. दुसरी म्हणत होती, बीटीने शेतकरी मारला. दोन्हीकडे टाळ्या होत्या. लांब मुदतीचे संकरित वाण, डिसेंबरनंतरही पाण्याच्या आशेने उभे ठेवलेले फरदडीचे पीक, बिगर बीटी ओळींचा अभाव, मान्सूनपूर्व पेरणी, असे जे खरे मुद्दे होते त्यांवर पारावर बसून बोलणारे कमी. त्याच २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसे मेली. कोणते औषध कशात मिसळायचे नाही, वाऱ्याच्या कोणत्या बाजूला उभे राहायचे, कापूस डोक्याएवढा वाढल्यावर फवारा तोंडावर येतो त्याचे काय करायचे, याचीही चर्चा आधी झाली नव्हती. झाली ती नंतर, शोकसभेत.

आम्ही स्वतः बियाण्याच्या स्वातंत्र्याच्या बाजूचे आहोत. नवे तंत्रज्ञान शेतकऱ्याच्या हाती यायलाच पाहिजे असे मानतो. पण स्वातंत्र्य म्हणजे प्रश्न न विचारण्याची मोकळीक नव्हे. जो बियाणे निवडतो त्याला त्याच्याबद्दल विचारावेच लागते.

दुकानाच्या काउंटरवर

रोजच्या व्यवहारात वाद कुठे करायचा, असे कोणी विचारले तर पहिले ठिकाण कृषी केंद्राचा काउंटर. उधारी असली की तोंडाला कुलूप बसते हे आम्हाला माहीत आहे. तरी "कशावरून?" एवढा एकच शब्द विचारायला पैसे पडत नाहीत.

दुकानदार म्हणतो, हे टॉनिक मारा, पाते गळणार नाही. गेल्या वर्षी शेजाऱ्याने मारले, त्याला एकरी सात क्विंटल झाले. शेजाऱ्याला सात क्विंटल झाले हे खरे असेल. पण शेजाऱ्याची जमीन काळी कसदार, तुमची मुरमाड. त्याच्याकडे पोळ्यानंतर पाऊस आला, तुमच्याकडे आला नाही. सात क्विंटल बाटलीने दिले की जमिनीने, की पावसाने, हे कसे ओळखायचे?

याची युक्ती आहे आणि तिला पदवी लागत नाही. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या संशोधन केंद्रावर रोनाल्ड फिशर हे १९१९ साली रुजू झाले. शेतीतल्या प्रयोगांना शिस्त लावण्याचे मोठे काम त्यांनी तिथे केले. सगळ्या विद्यापीठांचे प्रयोग आज त्याच पायावर चालतात. त्याचे मर्म एवढेच की तुलना करायची तर एकाच शेतात, एकाच पावसात करा, आणि एकदा नाही, तीन-चार ठिकाणी करा. टॉनिक मारायचेच असेल तर शेताच्या वरच्या भागात, मधल्या भागात आणि खोलगट भागात पाच-पाच ओळी कोऱ्या सोडा. खुणेला काडी रोवा. वेचणीला त्या ओळींचा कापूस वेगळ्या गाठोड्यात बांधा, शेजारच्या मारलेल्या पाच ओळींचा वेगळा, आणि दोन्ही तोला. तिन्ही ठिकाणी मारलेल्या ओळी पुढे असतील तर दुकानदार खरा. एकीकडे पुढे, दुसरीकडे मागे असे झाले तर बाटलीचे पैसे वाया गेले समजा. मग पुढच्या वर्षी काउंटरवर तुम्ही बोलाल आणि दुकानदार ऐकेल.

अळीचे औषध मारायचे की नाही यावर घराघरांत भांडण होते. ते भांडणही मिटवता येते. शेताच्या कडेकडेने नव्हे, आतून तिरके चालत जा. वेगवेगळ्या झाडांची २० हिरवी बोंडे तोडा आणि फोडा. दोन किंवा जास्त बोंडांत गुलाबी अळी जिवंत सापडली तर नुकसान १० टक्क्यांवर गेले, आता फवारणी परवडते. त्याखाली असेल तर थांबा आणि चार-पाच दिवसांनी पुन्हा बघा. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले तरी तोच इशारा. डोमकळ्या दिसल्या की तोडून नष्ट करा. जिथे मोजता येते तिथे आवाज चढवण्याची गरज पडत नाही.

घरातला वाद

आता जरा अवघड जागी येतो.

एका गावी आम्ही एका कार्यकर्त्याच्या घरी मुक्कामाला होतो. मृगाच्या आधीचे दिवस. जेवताना तो सांगत होता, यंदा आठच्या आठ एकर कापूस. आतून वहिनी म्हणाल्या, "जनावरं का खातीन मंग?" तो म्हणाला, "तू चूप राह्य, तुले का समजते." दुसऱ्या दिवशी सभेत हाच भाऊ व्यासपीठावरून सांगत होता की सरकार शेतकऱ्याला बोलू देत नाही.

आम्ही जाताना दोघांना ओट्यावर बसवले आणि म्हटले, हा हिशेब आमच्यासमोर करा. भाऊंची बाजू खोटी नव्हती. ज्वारीला भाव नाही, कणसात दाणा भरला की पाखरे आणि रानडुकरे, रात्रीची राखण करायला माणूस मिळत नाही, दाणे भरताना पाऊस आला की दाणा काळा पडतो. हे सगळे खरे. मग वहिनींनी बोटे मोजत सांगायला सुरुवात केली. दोन बैल, एक गाय, एक गोऱ्हा. गेल्या उन्हाळ्यात कडबा किती पेंड्या विकत घेतला, शेकडा काय भावाने घेतला, त्यासाठी कोणाकडून पैसे उचलले, त्याचे व्याज काय गेले. घरी खायला ज्वारी विकत किती आणली. ढोरांच्या शेणाचे खत नसते तर खताच्या किती बॅगा जास्त लागल्या असत्या. हे सगळे आकडे त्यांच्या डोक्यात होते. भाऊंच्या वहीत त्यातला एकही नव्हता, कारण वहीत फक्त बाजारात विकलेल्या मालाची नोंद होती.

निर्णय मध्ये कुठेतरी झाला. आठही एकर कापूस नाही आणि वहिनी म्हणत होत्या तेवढी चार एकर ज्वारीही नाही. घराजवळच्या दोन एकरांत, जिथे राखण सोपी, तिथे ज्वारी आणि त्यात तुरीच्या ओळी. लांबच्या सहा एकरांत कापूस. कोणी जिंकले नाही, कोणी हरले नाही. दोघांच्या डोक्यातले आकडे पहिल्यांदा एका कागदावर आले, एवढेच. घरातला निम्मा हिशेब ज्या माणसाच्या डोक्यात आहे त्यालाच गप्प बसवून आपण शेती करतो आणि मग शेती तोट्यात का जाते म्हणून समित्या नेमा अशी मागणी करतो!

मायबहिणींनो, ही गोष्ट तुम्हाला नवी नाही. नवी असलीच तर आम्हा पुरुषांना आहे.

"दीडपट"ची उलटतपासणी

सरकारशी बोलतानाही हीच रीत कामाची. राष्ट्रीय शेतकरी आयोगाने २००६ साली सांगितले की हमीभाव उत्पादनखर्चापेक्षा किमान ५० टक्के जास्त असावा. २०१८ च्या अर्थसंकल्पात सरकारने जाहीर केले की दीडपट भाव देऊ. २०२५-२६ च्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाला क्विंटलला ७,७१० रुपये आणि संकरित ज्वारीला ३,६९९ रुपये हमीभाव जाहीर झाला. सरकार म्हणते, ही दीडपट आहे. आपण म्हणतो, ही फसवणूक आहे. दोघेही ओरडतात आणि ऐकणाऱ्याला काही कळत नाही.

इथे एकच प्रश्न विचारायचा. कशाच्या दीडपट? ७,७१० ही ५,१४० ची दीडपट आहे, गणित बरोबर आहे. पण ५,१४० मध्ये काय धरले? बियाणे, खत, औषधे, मजुरी असा हातून गेलेला खर्च आणि घरच्या माणसांच्या श्रमाची किंमत. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलावरचे व्याज त्यात नाही. ते धरून निघणारा सर्वंकष खर्चही सरकारचाच कृषिमूल्य आयोग काढतो आणि त्याच्या अहवालात छापतो. तेव्हा वाद असा मांडावा की तुमचाच आयोग दोन आकडे काढतो, त्यातला लहान तुम्ही निवडला, तो का निवडला ते सांगा. या प्रश्नाला उत्तर द्यावे लागते. "शेतकऱ्याला लुटले" या घोषणेला उत्तर द्यावे लागत नाही, फक्त बंदोबस्त लावावा लागतो.

आणि समोरच्याचे उत्तरही ऐकून घ्यावे लागते. तो म्हणेल, जमिनीचा खंड धरला तर भाव वाढताच खंड वाढेल आणि खंड वाढताच भाव, हे चक्र कुठे थांबेल? हा प्रश्न वेडगळ नाही. त्याचे उत्तर आपल्याकडे तयार हवे. नसेल तर आधी आपसात बसून शोधले पाहिजे.

"एकजूट फुटेल" म्हणणाऱ्यांना

कार्यकर्ते म्हणतात, हे सगळे ठीक, पण आंदोलनात असा वाद चालू दिला तर एकजूट फुटेल. या शंकेत तथ्य आहे. रस्त्यावर उतरल्यावर, पोलीस समोर उभे असताना, मागे फिरायचे की पुढे जायचे यावर मतदान घेता येत नाही. ठरल्यावर शिस्त हवीच. पण ठरण्याआधी वाद हवा. पेरणी कशाची करायची यावर घरात जितके बोलायचे तितके मृगाआधी बोला. तिफण शेतात लागल्यावर वाण बदलत नाही. आपण उलटे करतो. ठरवताना गप्प बसतो आणि ठरल्यावर चहाच्या टपरीवर कुरकुरतो. एकजूट फुटते ती त्या कुरकुरीने.

गडचिरोली जिल्ह्यातले मेंढा (लेखा) हे गोंडांचे छोटे गाव याचा नमुना आहे. तिथे गावाने अभ्यासगट चालवले. अभ्यासगटात कोणीही यावे, बाहेरच्या जाणकारालाही बोलवावे, कायदा असो की जंगल, उलटसुलट बोलावे, पण तिथे निर्णय घ्यायचा नाही. निर्णय गावाच्या सभेत, सर्वांच्या संमतीने. एकाचा जरी विरोध असला तरी पुन्हा बोलायचे. वेळ लागतो. पण २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या काही गावांत हे गाव होते. वाद करून गाव फुटले नाही, घट्ट झाले.

आपल्या गावातल्या ग्रामसभेकडे बघा. १५ टक्के किंवा १०० मतदार, जे कमी असेल तेवढी गणपूर्ती लागते. ती भरत नाही, सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. मग चार-पाच डोकी रजिस्टरवर सह्या करून सगळ्या गावाचे ठरवून टाकतात. आपण न बोलल्याने वाद टळत नाही. तो फक्त आपल्याशिवाय होतो.

या देशाची घटनाही अशीच वादातून तयार झाली. जवळपास तीन वर्षे घटना समिती बसली. ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या आणि २,४७३ प्रत्यक्ष सभागृहात मांडल्या गेल्या, असा हिशेब डॉ. आंबेडकरांनी १९४९ सालच्या नोव्हेंबरात शेवटच्या भाषणात दिला. शेतकऱ्यांच्या बाजूने बोलणारे आपले पंजाबराव देशमुख त्या समितीत होते आणि त्यांनीही दुरुस्त्या मांडल्या. त्यांना कोणी "खाली बस ना भाऊ" म्हटले असते तर?

येत्या बैठकीपासून

उपदेश पुरे झाला. येत्या जिल्हा बैठकीपासून चार गोष्टी करून बघू असे आम्ही सुचवतो.

एक, प्रत्येक ठराव मांडला की एका कार्यकर्त्याने दहा मिनिटे त्याच्या विरोधात बोलायचे. त्याला तो ठराव मनातून पटत असला तरी. पाळी लावून हे काम द्यायचे, म्हणजे कोणी "विरोधक" ठरणार नाही.

दोन, उत्तर देण्याआधी समोरच्याचा मुद्दा आपल्या शब्दांत सांगायचा आणि विचारायचे, "हेच म्हणायचं होतं ना भाऊ?" तो हो म्हणाल्यावरच उत्तर द्यायचे. निम्मी भांडणे इथेच संपतात.

तीन, "हा कोणाचा माणूस?" हा प्रश्न बैठकीत बंद. व्यापाऱ्याच्या तोंडून निघाली म्हणून बेरीज चुकत नाही आणि आपल्या माणसाच्या तोंडून निघाली म्हणून बरोबर होत नाही.

चार, खर्चाचा कुठलाही तक्ता आधी मायबहिणींसमोर वाचायचा, मग बाकीच्यांसमोर.

आणि एक पथ्य आम्ही स्वतःला घालून घेतले आहे. चूक निघाली तर भर सभेत "चुकलं" म्हणायचे. पदवीला त्याने काही होत नाही, हे उशिरा कळले.

सुधारलेला तक्ता घेऊन आम्ही त्या काकांकडे पुन्हा गेलो. झाल्या प्रकाराबद्दल माफी मागितली. त्यांनी ती फारशी मनावर घेतली नाही. चहा सांगितला, चष्मा चढवला, कागद उन्हात धरून बराच वेळ वाचला. मग बोट एका ओळीवर ठेवून म्हणाले, "हे गाडीभाडं जिनिंगवर न्यायचं हाय का बाजारात? दोन्हीचं येगळं पडते."

आम्ही वही काढली आणि त्यांच्याजवळ बसलो.